आजीची गिनती : प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५

सुरुवात करतेय. आजीला जाऊन जुलैत वर्ष होईल, वर्षश्राद्धाला सगळे गावी जमतील तेव्हा प्रत्येकाच्या हातात ४०-५० पानांची एक पुस्तिका द्यायची असं ठरलंय. म्हणजे मीच ठरवलंय, बाकीच्यांनी व्हॉट्सअॅपवर अंगठे दाखवले. नोंदी ठेवतेय कारण मागच्या वेळी वंशावळीचं काम काढलं होतं ते कुठपर्यंत आलं होतं हेच मला आठवेना आणि शेवटी सोडून दिलं.

आत्याची अट आहे की नाव-गाव कुठे टाकायचं नाही, त्यामुळे इथे आजी, आजोबा, आत्या, काका एवढंच. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९६१ ला भरती, १९७८ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले, २००४ ला गेले. गाव पाटण तालुक्यातलं, जिल्हा सातारा. फौजी जिल्हा म्हणतात त्यात काही खोटं नाही, आमच्याच जिल्ह्यात अपशिंगे आहे ज्याच्या नावातच मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली.

९ मार्च

काकांनी माळ्यावरून ट्रंक काढली. काळी पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. रँकच्या जागी तीनदा रंग मारलाय. उजेडात तिरकं धरलं की हवालदारच्या खाली नाईक दिसतं आणि त्याच्याखाली शिपाई. डांबराच्या गोळ्यांचा वास एवढा की काकू म्हणाली बाहेर ओसरीवर न्या बाई ते.

आत काय काय : डिस्चार्ज बुक, दोन मेडल (रिबन गेलेली), एक बिस्तरबंद, एनॅमलचा मग, प्लास्टिकच्या पिशवीत आंतरदेशीय पत्रं, फोटो ३०च्या आसपास, आणि पायजम्याच्या नाडीने बांधलेला मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा. पावत्या नंतर बघू, त्यात काय असणार.

आजीचं असं म्हणाल तर काहीच नाही. ट्रंक शेवटी आजोबांची.

१६ मार्च

स्कॅनिंग. फोटो ६०० डीपीआय, पत्रं ३००. इनलँडची घडी उलगडताना डिंक लावलेल्या कडेला फाटतात. पहिली तीन फाडली आणि मग शहाणी झाले. आता प्रत्येक पत्र दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं, दोन दिवस तसंच, मग स्कॅन. कसर लागलीय बऱ्याच पत्रांना. फायलींना नावं वर्ष-महिना-क्रमांक अशी. आजोबांचं अक्षर कुठलंच सॉफ्टवेअर वाचत नाही, एकाने 'खुशाल' चं 'खुळाल' केलं, म्हणून हाताने टाइप करतेय. रोज ऑफिसनंतर ३ पत्रं, त्याच्यावर डोळे चालत नाहीत.

एकूण पत्रं ६१. पहिलं १९६३ चं, म्हणजे लग्नाच्या वर्षाचं.

३० मार्च

४० झाली टाइप करून आणि माझा पार मूड गेलाय. सगळी पत्रं पणजोबांना. 'तीर्थरूप आबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार वि. वि., मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी.' मग पाऊस कसा आहे, बांधाच्या भांडणाचं काय झालं, अमक्याचे पैसे दिले का, थोरामोठ्यांस नमस्कार लहानांस आशीर्वाद, संपलं. बायकोला वेगळं पत्र लिहायची रीतच नव्हती, एकत्र घरात सासऱ्यासमोर सुनेच्या नावाचं पत्र आलं असतं तर तिलाच खाली बघायला लागलं असतं, आणि पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जायचं, बहुतेक वेळा पोस्टमनच वाचायचा. हे सगळं मला माहीत आहे. तरी एक्सेलमध्ये 'आजीचा उल्लेख' असा कॉलम केला होता आणि त्यात खालपर्यंत शून्य शून्य शून्य बघून वाईट वाटलं.

पुस्तिका आजीची आणि मजकूर सगळा आजोबांचा, असं होणार बहुतेक.

६ एप्रिल

आज एकटीच हसतेय वेड्यासारखी. आत्याला फोन केला, म्हटलं अगं एवढी पत्रं आणि आईचं नाव नाही एकात. ती म्हणाली वाच बघू एक. मी वाचलं, 'मंडळींच्या पायाचे बरे झाले का ते कळवणे.' आत्या म्हणाली, हे काय, आहे की आई!

मंडळी म्हणजे बायको! आमची मंडळी. मला शब्द माहीत होता, पण 'मंडळी जमली होती' सारखं घरातले सगळे असं धरून मी पुढे जात होते आणि सगळ्या घराच्या पायाला एकदम काय झालं असेल असा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. परत पहिल्यापासून शोधलं. ६१ पैकी ४७ पत्रांत मंडळी आहे. आणि आता ती वाक्यं बाकीच्या पत्रापेक्षा वेगळी वाचली जातायत :

'मंडळींस पहाटे गार पाण्यात फार हात घालू देऊ नये.'

'मंडळींस माहेरी पाठवले किंवा कसे.'

'मंडळींनी रात्री एकटे विहिरीवर जाऊ नये, सोबत कोणी असावे.'

हे सगळं सासऱ्याला लिहिलेलं, पोस्टमनने मोठ्याने वाचलेलं, आणि ती चुलीपाशी पाठमोरी बसून ऐकत असणार. आत्या म्हणते आई पत्र वाचताना कधी पुढे यायची नाही, पण त्या दिवशी भांडी दोनदा घासायची.

कॉलमचं नाव बदललं. 'मंडळी'.

१९ एप्रिल

पत्त्यांचं काम. फौजीचा पत्ता म्हणजे गाव नसतंच, नंबर, रँक, नाव, पलटण आणि द्वारा ५६ एपीओ. आर्मी पोस्ट ऑफिस. युनिट कुठे आहे ते घरच्यांनाही कळायला नको म्हणून. पण ५६ एपीओ पश्चिमेकडच्या युनिटांना आणि ९९ एपीओ पूर्वेकडच्या, एवढं फौजी घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. १९७१ च्या पावसाळ्यानंतर आजोबांच्या पत्रांवर ५६ चं ९९ झालं. आजी अक्षरं तोवर वाचायला शिकली होती (हे पुढे येईल), आणि आत्या म्हणते की आकडा बदललाय हे आबांच्या आधी आईने बघितलं.

आजोबा पहिल्या बटालियनला, म्हणजे जंगी पलटण. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली. जंगी पलटणने पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, जमालपूरला वेढा घातला होता. १० डिसेंबरच्या रात्री आत अडकलेल्या पाकिस्तानच्या बलुच रेजिमेंटने वेढा फोडून बाहेर पडायचा प्रयत्न केला तो मराठ्यांच्या मोर्चांवरूनच, रात्रभर चाललं आणि ११ ला सकाळी जमालपूर पडलं. सीओ, म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, होते लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती. हे सगळं मला वाचून कळलं, आजोबा यातलं काही बोलायचे नाहीत, विचारलं तर 'लई चिखल' एवढंच सांगायचे.

पत्रांमध्ये २० नोव्हेंबर १९७१ ते २ जानेवारी १९७२ मोकळं आहे. सहा आठवडे. आत्या तेव्हा ६ वर्षांची. तिला आठवतं ते रेडिओचं नाही, तारवाल्याचं. तारवाला सायकलवरून गावात शिरला की ज्यांचा ज्यांचा कोणी पलटणीत आहे त्या बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या आणि तो कोणाच्या दारात उतरतो ते बघायच्या, कोणी काही बोलायचं नाही. एकदा तो आमच्या दाराशी थांबला. चेन पडली होती सायकलची.

२ जानेवारीच्या पत्रात पहिली ओळ नेहमीचीच, मी खुशाल आहे. शेवटी, 'मंडळींस सांगावे.' काय सांगावे ते नाही लिहिलेलं.

४ मे

गावी जाऊन आले, रेकॉर्डिंग तीन झाली. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंचं ५२ मिनिटांचं सोनं आहे, मध्ये कोंबडा आहे पण असू दे.

भूकंपाचं सांगितलं त्यांनी. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा, पहाटे सव्वाचारच्या सुमारास. आमच्या घराची मागची भिंत आख्खी बाहेर पडली. आजी दोन वर्षांच्या आत्याला कडेवर आणि सासूला हाताला धरून अंगणात आली, आणि मग परत आत गेली. सगळे ओरडायला लागले. ती आली ते रेडकू घेऊन. सासूने तिथेच त्या अंधारात तिला शिव्या घातल्या आणि मग रडायला लागली, असं काकू म्हणाल्या. थंडीचे दिवस, पुढचे कित्येक आठवडे लोक बाहेरच झोपत होते.

यातून एक गोष्ट झाली जी मला अजिबात माहीत नव्हती. घर राहायच्या लायक उरलं नाही म्हणून आजोबांनी फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज केला. जवानांना क्वार्टर मोजकीच असायची, वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही आणि फील्डला पोस्टिंग असलं की प्रश्नच नाही, म्हणून तर बहुतेक फौजींच्या बायका जन्मभर गावी आणि नवरा वर्षातून एकदा दोन महिन्याच्या सुट्टीवर. पण तेव्हा आजोबा बेळगावला सेंटरवर होते, मराठा रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून तिथेच आहे, आणि १९६८ मध्ये खोली मिळाली. आजी अडीच वर्षं बेळगावला राहिली. आख्ख्या संसारात सलग एकत्र राहिले ते तेवढंच, बाकी सगळं पेन्शननंतर.

११ डिसेंबर दोन वेळा आला हे माझ्या लक्षात आलंय. ६७ ला ती अंगणात आणि ७१ ला ते जमालपूरला. चुलतभाऊ म्हणाला यावर एक पान कर, भारी होईल. नाही करणार. आजीला त्या दुसऱ्या ११ चा पत्ता होता याचा कसलाही पुरावा माझ्याकडे नाही. दर वर्षी त्या रात्री ती दाराला कडी लावायची नाही एवढं खरं, आणि ते भूकंपामुळेच.

१८ मे

पावत्यांना काय असणार असं मार्चमध्ये लिहिलंय वर. ते खोडत नाही, राहू दे तिथेच.

ज्यांनी मनीऑर्डर बघितली नाही त्यांच्यासाठी : फॉर्मचे भाग असायचे. एक तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहायचा ज्यावर दोन ओळी निरोप लिहिता यायचा, आणि घेणाऱ्याने सही केली की पोचपावतीचा तुकडा टपालाने पाठवणाऱ्याकडे परत जायचा. म्हणजे ह्या पावत्या गावाहून आजोबांकडे गेलेल्या. पश्चिमेला, पूर्वेला, जिथे पलटण तिथे ट्रंकेतून फिरलेल्या आणि ७८ ला त्यांच्याबरोबर घरी आलेल्या.

९६ आहेत. बहुतेक आबांच्या नावाच्या, आबांची वळणदार सही. पण वर्षाला दोन-तीन आजीच्या नावाच्या आहेत, नागपंचमीच्या आधी, दिवाळीच्या आधी, रक्कम १० रुपये, कधी १५. माहेरी जायला. पहिल्या ९ वर सही नाही, अंगठा आहे. निळ्या शाईचा, आणि शेजारी साक्षीदार म्हणून शाळेतल्या मास्तरांची सही. १९६८ पासून १९७० च्या दिवाळीआधीपर्यंत एकही नाही कारण ती बेळगावला त्यांच्यासोबत. १९७० च्या दिवाळीच्या पावतीवर सही आहे. नाव पूर्ण, आडनावाची वेलांटी उलटी, शेवटचं अक्षर रेघेच्या बाहेर गेलंय.

बेळगावला पलटणीच्या बायकांसाठी फॅमिली वेल्फेअर सेंटर होतं, शिवणकाम आणि अक्षरओळख. आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशन, आवा म्हणतात तिला, १९६६ ला झाली. आजी शिवणापेक्षा पाटीवर जास्त बसली असणार, कारण शिवण तिला शेवटपर्यंत आलं नाही, आमच्या सगळ्या फ्रॉकची एक बाही मोठी असायची.

पुढे १९७४ ला आबा गेले आणि तिथून सगळ्या पावत्या तिच्याच. वेलांटी सुधारत गेलीय. ३८ पावत्या ओळीने स्कॅन करून स्क्रीनवर लावल्या आणि बघत बसले, जेवायचं राहिलं.

आजोबांनी आबांच्या पावत्या पण ठेवल्यात, मान्य आहे. पण नाडीच्या गठ्ठ्यात आजीच्या वेगळ्या होत्या, वर.

२५ मे

नातवंडांच्या आठवणी मागवल्या होत्या, ९ जणांपैकी ६ जणांनी पाठवल्या, त्यातल्या ४ व्हॉइस नोट. सगळ्यांनी तेच लिहिलंय, गिनती.

पलटणीत संध्याकाळी हजेरी घेतात तिला गिनती म्हणतात. बेळगावच्या अडीच वर्षांत आजीने अर्धी फौजी भाषा उचलली आणि आयुष्यभर आमच्यावर वापरली. जेवायला बसायच्या आधी 'फॉलिन!', आंघोळीला उशीर केला की 'लाईन तोडू नको', आणि रात्री सगळे ओळीने गोधडीत शिरले की दिवा बारीक करून पायाकडून यायची आणि एकेकाचा पाय हाताने चाचपत मोजायची. एक, दोन, तीन. मी दुसरी ते सातवीची वर्षं तिच्याकडेच होते, आईबाबा दोघं नोकरीला आणि पुण्यात सांभाळायला कोणी नाही, त्यामुळे मे महिन्यात ९ आणि एरवी मी एकटी. एकटी असले तरी मोजायची. 'एक हाजीर.' मग माझे आईबाबा, काका, आत्या, जे जे नाहीत त्यांची नावं घेऊन 'ड्यूटीवर', आणि मग स्वतः आडवी व्हायची. आजोबा गेले त्यानंतर त्यांचं नाव पण ड्यूटीवरच्यांत घ्यायची. धाकट्याने तेव्हा विचारलं होतं आजोबा कुठे ड्यूटीवर, तर म्हणाली झोप.

कडक होती का तर होती. फाजील लाड नाहीत. पण मला कांजिण्या आल्या तेव्हा १४ दिवस ती माझ्या उशापाशी बसून झोपली, आडवी झालीच नाही, खाजवेन म्हणून माझे दोन्ही हात तिच्या हातात. चुलतबहिणीला बारावीला कमी मार्क पडले, घरात सुतक आल्यासारखं झालं होतं, तर हिने तिला फौजी कँटीनला नेलं, तिथलं सीएसडीचं कार्ड पदराला बांधून, दिवसभर फिरवून आणलं आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की पोरीला कोणी बोलायचं नाही, मी पाटीवर वयाच्या चोविसाव्या वर्षी बसले.

८ जून

पेन्शनची फाईल. हे पान छोटं ठेवणार होते पण राग येतो.

आजोबा गेल्यावर फॅमिली पेन्शनला १४ महिने लागले. कारण काय, तर एका कागदावर आजीचं माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं. लग्नानंतर नाव बदलणं ही आपल्याकडे घरोघरची गोष्ट, फौजेत लग्न, मूल काही झालं की पार्ट टू ऑर्डर निघते म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डला नोंद होते, ती निघाली होती, पण तिच्यात आणि बँकेच्या कागदात एक अक्षर वेगळं. एका कार्यालयातल्या साहेबाने तिला विचारलं की या दोन्ही बाया तुम्हीच कशावरून? प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, परत प्रतिज्ञापत्र. आत्ता वाटतं, त्या ३८ पावत्या नेल्या असत्या तर! पण तेव्हा कोणाला माहीत होतं ट्रंकेत काय आहे.

मग दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. २०१४ पासून डिजिटल आला, जीवन प्रमाण, अंगठा मशिनवर ठेवायचा. आजीचा अंगठा उमटायचाच नाही. शेण, राख, खुरपं यात रेषा गेलेल्या. ओला करून बघ, पुसून बघ, दहाही बोटं, मशिन म्हणे नाही. नंतर चेहऱ्यावरून करायची सोय आली तेव्हा मीच माझ्या फोनवर केलं. त्यात मध्येच डोळे मिटा-उघडा असं येतं. मी म्हटलं आजी डोळे मिट. तर म्हणाली, 'हयातीच्या दाखल्याला डोळे मिटायला सांगतोय? अकलेचा भाग बघ.' आणि टक लावून बसली. चौथ्या वेळी शिंक आली तेव्हा झालं एकदाचं.

२२ जून

मुखपृष्ठावरून वाद. काकांना आजोबांचा वर्दीतला फोटो पाहिजे आणि खाली 'वीरपत्नी'. मी सांगितलं वीरपत्नी शहिदाच्या पत्नीला म्हणतात, ज्यांनी ते भोगलंय त्यांचा तो शब्द, आपण घ्यायचा नाही. काका गप्प झाले, मग म्हणाले बरोबर आहे.

आजीचा एकटीचा फोटोच नाहीये. सगळ्यांत कडेला उभी किंवा कडेवर कोणाचं तरी पोर. एकटीचा असा एकच, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावरचा, तिकीटाएवढा, वैतागलेला. तो मोठा केला तर नुसते ठिपके. मुखपृष्ठावर १९७० ची पावती टाकतेय, सहीच्या भागाचा क्लोजअप. नाव तिथे असेल, इथे नाही, आत्याची अट.

६ जुलै

प्रूफ आलं. ४४ पानं. छपाईवाल्याने 'मंडळी' सगळीकडे 'मंडळींनो' केलं होतं, ऑटोकरेक्ट की काय देव जाणे, ११ ठिकाणी दुरुस्त केलं. 'खुळाल' एका पानावर राहिलंच होतं, ते पण काढलं. ५० प्रती सांगितल्या.

२० जुलै

वर्षश्राद्ध झालं. पुस्तिका वाटल्या, ३७ गेल्या, शेजारच्या काकूंना वाचता येत नाही तर त्यांनी नातीकडून वाचून घेतली आणि रेडकाचं पान आलं तेव्हा म्हणाल्या, रेडकू नव्हतं, रेडी होती, पुढं चार वेतं दिली तिनं. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करायचं.

राहिलेली कामं : पावत्यांच्या मागे पेन्सिलने काही हिशोब आहेत ते बघायचे, काकूंचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायचं, मेडलच्या रिबन.

ट्रंक कोणी ठेवायची यावर अर्धा तास गेला आणि शेवटी माझ्याकडे आली. सध्या गाडीच्या डिकीत आहे, डांबराच्या वासाने डोकं उठलंय. सोसायटीची लिफ्ट तीन दिवस बंद आहे आणि मी चौथ्या मजल्यावर, तेव्हा ती अजून किती दिवस डिकीत राहते बघू.